मु. पो.

पूर्वी पत्र यायचं तेव्हा पत्त्याची सुरुवात या दोन अक्षरांनी व्हायची. मु. पो. विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक. काही माणसांच्या नावाआधी ह.भ.प. असतं, तसं हे आमच्या गावाच्या नावाआधी लागतं, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं. चौथीत गुरुजींनी फोड करून सांगितलं की मु. म्हणजे मुक्काम. मला ते पटेना. मुक्काम करायचा तो पाहुण्यांनी. वऱ्हाड मुक्कामाला येतं, दिंडी येते, पावसाळा सरला की धनगर येतात. आम्ही तर इथलेच. आमच्या नावाखाली मुक्काम कशाला? गुरुजी म्हणाले, "माणूस आज जिथं टेकलाय तिथं त्याचं पत्र यायचं. पोस्टाला तेवढंच ठाऊक."

त्या उत्तराचा अर्थ लागायला फार वर्षं गेली.

आमचं घर जुन्या गावठाणातलं. खाली ओटा, सोपा, माजघर. वर माडी आणि माडीवर दोन खोल्या. मुलं शिकून बाहेर गेली, नंतर हेही गेले, आणि माडीचा जिना मी दिवाळीच्या झाडलोटीपुरताच चढू लागले. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात गळतं कुठं ते बघायला वर गेले आणि उत्तरेच्या खिडकीतून आत आलेला उजेड बघत उभीच राहिले. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, वस्तूंच्या सावल्या पळवत नाही. चित्र काढणारी माणसं अशा खिडकीसाठी शहरात भाडं मोजतात. ती इथं बंद पडून होती, तिच्या गजांना कोळ्यांनी जाळी धरली होती. इथं कुणीतरी येऊन राहिलं पाहिजे, असं मला अगदी आतून वाटलं. चित्रकार, विणकर, लिहिणारा, कुणीही. महिनाभर राहावं, आपलं काम करावं, आमच्यात जेवावं.

याला आता सगळे रेसिडेन्सी म्हणतात. वाईट शब्द नाही. पण आपल्याकडे त्यासाठी पत्त्यातच एक शब्द लिहून ठेवलेला आहे, तो मला जवळचा वाटतो.

ही कल्पना डोक्यात शिरली होती ती एका चित्रामुळे, आणि तेही फार पूर्वी. कला महाविद्यालयात असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात ते पाहिलं होतं. रसेल ड्रायस्डेल या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं, १९४८ सालचं 'द क्रिकेटर्स'. उंच, ओक्याबोक्या भिंती, पिवळट तांबूस उजेड, आणि भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत दोघं जण क्रिकेट खेळताहेत. तिसरा भिंतीला टेकून नुसता बघतोय. बाकी चिटपाखरू नाही. मला ते आमचंच गाव वाटलं. बाजार नसलेल्या दिवशी, ऐन दुपारी, पडक्या भिंतींच्या आडोशाला माझा भाऊ आणि त्याचे सवंगडी असेच खेळायचे, आणि मी अशीच टेकून उभी असायची.

त्या चित्रामागचं गाव म्हणजे न्यू साउथ वेल्समधलं हिल एंड, हे पुढे कळलं. डोंगराळ भागातलं आडगाव. १८५१ साली त्या मुलखात सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. १८७२ च्या ऑक्टोबरात तिथल्या 'स्टार ऑफ होप' खाणीतून गारगोटी आणि सोनं एकत्र गोठलेली एकच लादी निघाली, दीड मीटर उंच आणि २८६ किलो वजनाची. तेव्हा गावात आठ हजारांच्या आसपास वस्ती होती. मग काही वर्षांतच सोन्याच्या शिरा आटल्या, माणसं आली तशी पांगली. आज तिथं शंभरेक माणसं राहतात.

खाणीचा एक भागीदार होता बर्नहार्ट होल्टरमन, जर्मनीहून आलेला. त्यानं सोन्याच्या पैशातून एक फार मोलाचं काम केलं. ब्यूफॉय मर्लिन नावाच्या फिरत्या छायाचित्रकाराला आणि त्याचा साथीदार चार्ल्स बेलिस याला त्यानं हाताशी धरलं. या दोघांनी गावातली दुकानं, झोपड्या, खाणीची तोंडं यांचे फोटो काढले. दुकानदार दुकानाच्या दारात, बायका लेकरं घेऊन अंगणात, जो जिथला तो तिथं उभा. त्या साडेतीन हजार काचेच्या निगेटिव्ह १९५१ साली सिडनीजवळच्या चॅट्सवुडमध्ये बागेतल्या एका शेडमध्ये सापडल्या. गाव उठून गेलं आणि त्याची दारं तेवढी काचेवर राहिली.

माझं मन अडकतं ते या हकिकतीच्या पुढच्या भागात. १९४७ साली ड्रायस्डेल आणि त्याचा मित्र डॉनल्ड फ्रेंड हे दोघे चित्रकार हिंडत हिंडत तिथं पोहोचले. फ्रेंड तर तिथं घर घेऊन राहिला. पाठोपाठ पॉल हेफ्लिगर आणि जीन बेलेट हे चित्रकार दांपत्य आलं, त्यांनीही एक छोटं घर घेतलं. सोनं काढायला आलेल्यांनी तिथली जमीन पाहिली होती, तिथलं ऊन पाहिलं नव्हतं. ते या चौघांनी पाहिलं. उकरून ठेवलेल्या मातीचा रंग, पडवीचा कललेला खांब, कुणीच नसलेला रस्ता. पुढे तीच दोन घरं चित्रकारांच्या मुक्कामासाठी खुली झाली, आणि अजून तिथं माणसं येऊन राहतात, काम करतात, निघून जातात. चार चित्रकार चार दिवस राहिले एवढ्यावर एक गाव पुन्हा दिसायला लागलं, ही गोष्ट मी मनात धरून बसले होते.

आता विंचूर.

इथं सोन्याची खाण कधीच नव्हती. आपल्या शेजारी कर्नाटकात कोलारची होती, ती २००१ साली बंद झाली. हट्टीची अजून चालू आहे. आमच्या जमिनीत आहे ती काळी माती, कांदा पिकवणारी आणि द्राक्षाचे मांडव पेलणारी. गावाला नाव आहे ते सरदार विंचूरकरांमुळे. विठ्ठल शिवदेव, मूळचे सासवडचे दाणी, पेशव्यांचे मातब्बर सरदार. पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परत आले. गाव त्यांच्याकडे आलं आणि त्यांच्या घराण्याला गावाचं नाव लागलं. त्यांचा वाडा, जुन्या बांधकामाचे अवशेष, दगडी चौथरे हे आम्ही रोज बघतो, म्हणजे खरं तर रोज त्यावरून नजर पुढे नेतो.

पुण्यात सदाशिव पेठेत याच घराण्याचा वाडा आहे, आणि आमच्या गावाचं नाव अनेकांना त्या वाड्यामुळे ठाऊक असतं. टिळक तिथं राहत होते. १८९४ साली त्यांनी सार्वजनिक गणपती मांडला तो तिथं. आणि त्याआधी दोन वर्षं, १८९२ मध्ये, रेल्वेच्या डब्यात ओळख झालेल्या एका तरुण संन्याशाला टिळकांनी आपल्याकडे आणलं होतं, तो आठ-दहा दिवस त्याच वाड्यात उतरला होता. पुढच्या वर्षी शिकागोच्या धर्मपरिषदेमुळे तो स्वामी विवेकानंद म्हणून जगाला कळला. विंचूर हे नाव लागलेल्या एका घरात अनोळखी माणसाला जागा मिळाली होती, याचा मला फार अभिमान वाटतो. पाहुणा कोण आहे हे कळायच्या आत त्याला घरात घेतलं, तर तो पाहुणचार.

पण गावात मी हे बोलून दाखवलं तेव्हा तीनपाटीवर चहाच्या टपरीजवळ शेजारच्या आबांनी मला थांबवलं. तीनपाटी म्हणजे जिथं नाशिक-येवला हमरस्त्याला लासलगावचा रस्ता फुटतो ती जागा. कांद्याचे ट्रॅक्टर तिथं रांगेनं उभे असतात आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथंच आधी पोहोचतात. आबांच्या कांद्याच्या दोन चाळी होत्या. उन्हाळ कांदा एप्रिलात काढून चाळीत भरायचा आणि भावाची वाट बघत पावसाळा काढायचा, हे त्यांचं आयुष्य.

"बाई," ते म्हणाले, "कांदा आठशेनं चाललाय. काढणीचा खर्च निघंना. अन् तुम्ही चित्रं काढणारी माणसं आणून बसवणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. कुणी येऊन माझ्या माडीवर चित्र काढलं म्हणून लासलगावच्या लिलावात क्विंटलमागे एक रुपया वाढणार नाही. असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. गावावर अरिष्ट असताना गावाचं चित्र काढणं म्हणजे काय, हा प्रश्न कलावंतानं उंबऱ्यावर ठेवून आत यायला हवा.

तरी मी त्यांना एवढं विचारलं, "आबा, तुम्ही रानात मेंढ्या बसवता त्या कशासाठी?"

मेंढ्या बसवणं हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पीक निघून रान मोकळं झालं की शेतकरी धनगराला बोलावतो. धनगर कळप घेऊन येतो, रात्री रानात वाघर लावतो, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्यात मेंढ्या बसवतो. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढे सरकवायची, तिसऱ्या रात्री आणखी पुढे. अशानं सगळं रान लेंड्यांनी आणि मुताच्या ओलीनं भरून निघतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, पैसे देतो. धनगरांच्या या तळाला वाडा म्हणतात. एक वाडा सरदारांचा, दगडविटांचा, तो जागच्या जागी झिजत राहिला. दुसरा जाळीचा, तो आठ-दहा दिवसांत उठून जातो आणि त्याची खूण पुढच्या पिकात वर येते. रानातल्या ज्या पट्ट्यात मेंढ्या बसल्या तिथला गहू लांबूनही ओळखू येतो, इतका हिरवा असतो.

आबा म्हणाले, "माणसाचं अन् मेंढराचं एक नसतं." चहा संपवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातवानं ओट्यावर कांद्याची अर्धी गोणी आणून ठेवली. "आजोबा म्हणाले, पाव्हणे येतील तर घरात असू द्या."

मला या कल्पनेतली भीतीही ठाऊक होती. आपल्या महाराष्ट्रात कलावंताच्या मुक्कामाची सगळ्यात लांबलचक हकिकत अजिंठ्याची आहे. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मेजर रॉबर्ट गिलला लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. तो अजिंठा गावात बारादरीत राहिला, आणि १८७९ मध्ये मरेपर्यंत त्याचं आयुष्य त्या लेण्यांशी बांधलेलं राहिलं. तिथल्या पारोची आणि त्याची प्रेमकहाणी मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे ठाऊक आहे. ती १८५६ साली गेली. गावात तिची समाधी आहे. गिलनं वर्षानुवर्षं दिव्याच्या उजेडात डोळे ताणून काढलेल्या नकला लंडनला गेल्या, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथं जाऊ लागले आणि ते काम १८८५ पर्यंत चाललं. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या.

ही हकिकत वाचताना पूर्वी माझा जीव तुटायचा. गावातलं उचलून नेलं आणि परक्या मुलखात जाळून टाकलं, असं वाटायचं. आता त्यात दुसरंही काही दिसतं. ग्रिफिथ्सबरोबर पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण होते. त्यांनी महिनोन्महिने त्या अंधारात उभं राहून आपल्याच जुन्या चित्रकारांच्या रेषेवरून हात फिरवला होता. कापडावरची नक्कल जळाली, हाताला लागलेलं वळण जळलं नाही. तरीही एक खटकतंच. अजिंठा गावातल्या माणसांना त्या मुक्कामातून काय मिळालं? चित्रकाराचं पाणी ज्यांनी भरलं, शिडी ज्यांनी धरली, त्यांनी त्या भिंती त्याच्या नजरेनं एकदा तरी पाहिल्या का? माझ्या माडीवर येणाऱ्याला मी एकच अट घालायची ठरवली. जायच्या आधी एक संध्याकाळ त्यानं आमच्या ओट्यावर बसून जे केलं ते गावातल्यांना दाखवायचं, मग ते अर्धवट असेना का.

पहिली आली ती वस्त्रकलेची विद्यार्थिनी, मुंबईची. तीन वर्षं झाली. आषाढ नुकताच लागला होता. एक पिशवी, एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि पांढऱ्या रेशमाच्या लडी एवढंच तिचं सामान. तिनं मला पहिल्याच दिवशी काकू म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "काकू, इथं फुकट जाणारं सगळ्यात जास्त काय आहे?"

मी तिला आबांच्या चाळीवर नेलं.

पावसाळ्यात चाळीवर कांदा निवडायला बायका येतात. चाळीचं एक तोंड उघडतात, कांदा खाली पसरतात, सडका वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, चांगला माल वेगळा. कांद्याच्या वरच्या सालीला पत्ती म्हणतात. डबल पत्तीच्या कांद्याला भाव बरा, कारण तो टिकतो. निवडताना सुटी पत्ती गळून गळून पायाशी ढीग होतो. वारा आला की हा ढीग उठतो आणि उजेडात धरल्यासारखा लखलखतो. पातळ, कुरकुरीत, तांब्याच्या रंगाची, कडेला गुलाबीसर, शिरा उभ्या उभ्या. सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन सोन्याचा कण काढणाऱ्या झारेकऱ्यांबद्दल मी ऐकलं होतं. तशी ही मुलगी त्या ढिगापुढे उकिडवी बसली आणि पत्ती ओंजळीनं पिशवीत भरू लागली.

"काय करणार गं तू हिचं?" एकीनं विचारलं. "आम्ही तर उकिरड्यावर टाकतो."

"रंग," ती म्हणाली.

सगळ्या जणी हात थांबवून बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी परसात चूल मांडली. आधी रेशमाची लडी तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवली होती. तुरटी धाग्याला धरते आणि रंग तुरटीला धरतो, असं तिनं मला समजावलं. पातेल्यात पत्ती दाबून भरली, वर पाणी, खाली धिमा जाळ. वास आला तो खमंग नव्हे, फोडणीतल्या कांद्याचाही नव्हे. ओल्या पाचोळ्यासारखा, थोडा गोडसर. तासाभरात पाणी गडद तपकिरी झालं. तिनं ते फडक्यातून गाळलं, जरा निवू दिलं आणि तुरटीची लडी त्यात सोडली. मी एकतीस वर्षं मुलांना रंगचक्र शिकवलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. तपकिरी पाण्यात पांढरा धागा बुडाला, तिनं काडीनं उलटापालटा केला, अर्ध्या तासानं वर उचलला, आणि वर आला तो पिवळा. हळदीचा उघडा पिवळा नव्हे. जुन्या गोठ-पाटल्यांचा, अंगावर वापरून वापरून मऊ झालेल्या सोन्याचा पिवळा. पाणी निथळत होतं आणि परसात नुसता उजेड.

दुसऱ्या लडीच्या पाण्यात तिनं गंजके खिळे टाकले. लोखंडानं तोच रंग मेंदीच्या पाल्यासारखा हिरवट काळपट झाला. तोही सुंदर होता. पण चाळीवरच्या बायका संध्याकाळी मुद्दाम परसात आल्या त्या पिवळ्यासाठीच. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी ओली लडी हातावर घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "इतकी वरसं पायाखाली तुडवत होतो गं हे."

पुढे त्या मुलीचा दिवस ठरून गेला. सकाळी चाळीवर, दुपारी चुलीपाशी, संध्याकाळी माडीवर उत्तरेच्या खिडकीशी, वहीत प्रत्येक लडीची नोंद करत. निवडणाऱ्या बायका आता पत्ती तिच्यासाठी रंगाप्रमाणे वेगळी करून ठेवायच्या, गडद निराळी, फिकट निराळी. पंधराव्या-सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "आता याला जरीशेजारी ठेवून बघायचंय."

येवला आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तिथल्या एका चौकाला विंचूर चौफुली म्हणतात, म्हणून माहेरच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटतं. येवल्याचं मला नेहमी नवल वाटत आलंय. रघुजीबाबा नाईकांनी सतराव्या शतकात पैठणहून आणि गुजरातेतून कारागीर, व्यापारी आणून तिथं वसवले असं सांगतात. त्यांना जागा दिल्या, पेठा दिल्या, आणि कलावंतांचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला. इतका की पैठणी म्हटलं की आज पैठणच्या आधी येवला आठवतं. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. सोन्याची खाण नसलेल्या मुलखात, घराघरात, खड्ड्याच्या मागावर बसून सोन्याचं काम करणारी वस्ती. हिल एंडला सोनं आधी आलं आणि कलावंत फार उशिरा. इथं कलावंत आधी आले आणि सोनं त्यांच्या हातानं आलं.

ओळखीच्या एका विणकरांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पाय खड्ड्यात, डोळे पदरावर. अस्सल पैठणीच्या पदरावरची नक्षी यंत्रानं उठवलेली नसते. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, रेशीम गुंडाळलेली; मोराच्या गळ्याची निळी, चोचीची लाल, आणि जिथं मोर संपून जर सुरू होते तिथं दोन धागे एकमेकांत अडकवायचे. ते नखानं धागे मोजत होते. मोजायचे, तिल्ली आरपार घ्यायची, पुढची उचलायची. आम्ही पाऊण तास बसलो तेवढ्यात मोराच्या पिसाऱ्याची बोटभर कड पुढे सरकली. जरही त्यांनी दाखवली. आतमध्ये रेशीम, त्याच्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. सुरतेहून येते. पूर्वीच्या पैठण्यांत खरं सोनं पुष्कळ असायचं, म्हणून कित्येक घरांत जुनी पैठणी जाळून सोनं काढलं गेलं. हे सांगताना ते थोडा वेळ गप्प झाले.

मुलीनं पिशवीतून लडी काढली. त्यांनी ती घेतली, मागावरून उठले, सावकाश दारापर्यंत गेले आणि उजेडात धरली.

"हा रंग कुठला?"

"कांद्याच्या पत्तीचा," ती म्हणाली. "विंचूरचा."

त्यांनी जरीचं रीळ आणलं, लडीशेजारी धरलं. दोन्ही पिवळे एकमेकांना ओळखत असल्यासारखे दिसले. जरीत चमक, लडीत ऊब. बराच वेळ बघून ते म्हणाले, "शोभतोय. पण टिकेल का?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ते लपवलं नाही. "माहीत नाही, काका. उन्हात ठेवून बघावं लागेल."

"मग बघा," ते म्हणाले. "आणि मला येऊन सांगा."

जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं ठरल्याप्रमाणे सगळं ओट्यावर मांडलं. एकवीस लडी, फिकट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत, माझ्या जुन्या पांढऱ्या लुगड्यावर ओळीनं. चाळीवरच्या सगळ्या जणी आल्या, शाळेतली पोरं आली. आबा आले आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी भाषण केलं नाही. एक लहान मुलगी प्रत्येक लडीला बोट लावत गेली आणि शेवटी म्हणाली, "हे सगळं आपल्या कांद्याचं?" आबांनी मागूनच उत्तर दिलं, "सगळं."

त्यानंतर माडीवर दोघं जण राहून गेले. एक लिहिणारा, एक मातीकाम करणारी. दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी येतात, त्याच सुमाराला आमच्याकडेही कुणी ना कुणी विचारणा करतं. सगळ्यांचं जमतं असं नाही. लिहिणाऱ्याला ट्रॅक्टरच्या आवाजानं झोप लागेना, तो आठ दिवसांत परत गेला. मला त्याचं वाईट वाटलं. कांद्याचा भाव मधे चढला, पुन्हा पडला. आबांनी गेल्या वर्षी एक चाळ विकली.

पहिल्या मुलीनं जाताना उत्तरेची खिडकी सोडून मुद्दाम पश्चिमेच्या खिडकीत, जिथं दुपारचं कडक ऊन येतं तिथं, एक लडी पसरून ठेवली होती. अर्धी उघडी, अर्धी कौलाच्या एका तुकड्याखाली झाकलेली. "काकू, याला हात लावू नका. मधून मधून फक्त बघा," एवढंच म्हणाली होती.

काल वर गेले होते, नवीन येणाऱ्यांसाठी खोली झाडायला. उघडी बाजू आता गव्हाच्या काडासारखी फिकी पडली आहे, पिवळ्याची नुसती आठवण. कौलाचा तुकडा उचलला. खाली तोच रंग होता, परसात पहिल्या दिवशी पाण्यातून वर आला तसा. खिडकीत तीन वर्षांची धूळ, आणि त्या धुळीत ती बोटभर रुंद, ओल्या सोन्यासारखी पट्टी. मी तिचा धागा न ओढता कौल पुन्हा जागेवर ठेवलं, खिडकीची झडप होती तशी अर्धी उघडी ठेवली आणि येवल्याच्या काकांना पत्र लिहायला खाली आले.